बाबांचा पुढचा मुक्काम

चहाचा कप अर्धा असतानाच आईने टॅब्लेट मांडीवर ओढला, चष्मा नाकावर चढवला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "पोहोचले बरं का. हिरवी खूण आली."

बारक्या हॉस्पिटलच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसून सफरचंद कापत होता. "हो का," तो म्हणाला आणि त्याने पुढची फोड कापली.

बाबा जाऊन तेव्हा आठवडासुद्धा झाला नव्हता. दूरच्या एका गावात, हॉटेलच्या खोलीत, झोपेतच गेले होते. बारक्याने स्वतः तिथे जाऊन त्यांचं सगळं केलं होतं. तरी ॲपमध्ये बाबा ठरल्याप्रमाणे पुढच्या गावाला पोहोचले होते, आणि त्यांचा मुलगा "हो का" म्हणून सफरचंदाच्या बिया बशीच्या कडेला लावत होता.

हे ऐकून कोणीही म्हणेल, काय दगड माणूस आहे. दगड वगैरे काही नव्हता हो. चव्वेचाळीस वर्षांचा, नव्वद किलोचा, चांगला हळवा गडी होता. घरात धाकटा म्हणून लहानपणी बारक्या झाला, आणि पुढे अंग सुटलं तरी नाव काही सुटलं नाही. पण दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग हिरडी आपलीच असून आपली वाटत नाही, तसं त्याचं झालं होतं. दुखायला हवं हे त्याला कळत होतं. दुखत मात्र नव्हतं.

हा घोळ कसा झाला ते नीट सांगायला हवं, नाहीतर सगळं खापर त्या ॲपवर फुटेल.

बाबांचा उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला. गच्चीवरच्या मोटरच्या खोल्यांमध्ये बसून बसून कान गेले, ते इतके की फोनवर बोलणं हा नुसता देखावा. फोन उचलायचे, "हॅलो, मी ठीक आहे, तुम्हीही ठीक असाल," म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. निवृत्त झाल्यावर त्यांना फिरण्याचं वेड लागलं. वर्षातून एकदा महिनाभर बाहेर, आणि तेही एकटे, कारण आईला गाडी लागायची. बस लागायची, ट्रेन लागायची, शेजाऱ्यांनी कौतुकाने नव्या कारमधून चक्कर मारून आणली तर तीही लागायची. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात तिने बाबांच्या कोऱ्या बुटांचं वाटोळं केलं होतं. बाबांनी एक शब्द न बोलता बूट धुतले, आणि त्यानंतर तिला कधीही "चल" म्हणाले नाहीत. ते रागाने की काळजीने, हे विचारायचं आईच्या मनात पन्नास वर्षं होतं. आधी कान होते तेव्हा धीर नव्हता, आणि धीर आला तोवर कान गेले.

ॲप बारक्याने बसवून दिलं होतं. घरातली असली सगळी कामं त्याचीच. बाबांनी तिकीट काढलं, खोली ठरवली, की मेलमधून ते ॲप आपणच सगळं उचलायचं आणि एकाखाली एक गावं मांडून द्यायचं. पोहोचायची वेळ टळली की गावासमोर हिरवी खूण. खाली शेरा लिहायला एक चौकोन. बाबा त्या चौकोनात फक्त लिफ्टबद्दल लिहायचे. "लिफ्ट जुनी, पण सांभाळलेली." "दार मध्येच अडतं. मॅनेजरला सांगितलं तर हसला. गाढव." आई घरी बसून ते वाचायची आणि एका बोटाने खाली उत्तर टाइप करायची. "भांडू नका." "रात्री पांघरूण घ्या." संसारात दोघांचं मिळून जेवढं बोलणं झालं नसेल, तेवढं त्या चौकोनांमध्ये झालं होतं.

यंदा बाबा निघून दोन आठवडे होत नाहीत तोच आई बाथरूममध्ये घसरली. खुब्याचं हाड मोडलं. स्ट्रेचरवर घेताना तिने बारक्याचं मनगट असं धरलं की वळ उठले. "यांना कळवायचं नाही हं," ती म्हणाली. "निम्म्यातून परत येतील आणि माझ्यामुळे ट्रिप बुडाली म्हणून जन्मभर तोंड फुगवतील. हाडच मोडलंय. बसेल."

बारक्याने नाही कळवलं. आईचं ऑपरेशन झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलमधून त्याला फोन आला. अडीअडचणीला कोणाला कळवायचं, या रकान्यात ॲपमध्ये त्यानेच स्वतःचा नंबर भरून ठेवला होता. मॅनेजर सभ्य माणूस होता. "तुमचे वडील नाश्त्याला आले नाहीत," इथून त्याने सुरुवात केली.

दुकानात मालाची मोजणी आहे असं आईला सांगून बारक्या त्या गावाला गेला. ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण, परदेशात. तिने तिथला अंत्यविधी व्हिडिओवर पाहिला, आणि मध्येच नेटवर्क गेलं. कागदपत्रं मागितली तशी बारक्याने फोनमधून एकेक काढून दिली. ओळखपत्र, विमा, रक्तगट, जुने रिपोर्ट, सगळं एका फोल्डरमध्ये होतं. "तुमचं सगळं किती व्यवस्थित आहे हो," मॅनेजर म्हणाला. बारक्याने त्याला थँक्यू म्हटलं. परत येताना बाबांची बॅग आणि फोन घेऊन आला.

आईला तोवर ताप चढला होता. ती अर्धवट शुद्धीत होती. डॉक्टर म्हणाले, इतक्यात धक्का नको. ताई म्हणाली, मी पुढच्या महिन्यात येतेय, तेव्हा दोघं मिळून सांगू. बारक्या दोघांनाही बरं म्हणाला. त्या दिवसांत त्याला कोणी काहीही सांगितलं असतं तरी तो बरंच म्हणाला असता. बाबांची पुढची बुकिंगं रद्द करायची आहेत हे त्याला माहीत होतं. पण बाबांचा फोन हातात घेतला की तो नुसताच बघत बसायचा आणि पुन्हा खिशात टाकायचा. ॲपला कोण सांगणार? ते आपलं काम करत राहिलं. ताप उतरल्यावर आईने पहिली गोष्ट मागितली ती टॅब्लेट, आणि बाबा पोहोचले.

म्हणजे बाबा पोहोचल्याचं खोटं बारक्या बोललाच नाही. त्याने फक्त ते दुरुस्त केलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी आई कुरकुरायला लागली. "शेरा नाही लिहिला. लिफ्ट नसेल का?" तिसऱ्या दिवशी तिने सूप बाजूला सारलं. "बरे आहेत ना रे? असं कधी करत नाहीत. त्या हॉटेलात फोन लाव बघू."

बारक्या दुकानात गेला. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं कापायची, कडा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायची, हे त्याचं काम. त्याने मशीनला एक भिंग लावलं, पाण्याची धार सुरू केली, आणि ते गोल गोल फिरत असताना बाबांचा फोन काढून त्या चौकोनात लिहिलं, "लिफ्ट ठीक."

संध्याकाळी आई दोन वेळा सूप प्याली. "ठीक म्हणे. यांना ठीक वाटली म्हणजे उत्तम असणार," ती फिजिओला सांगत होती. फिजिओ ही तिशीतली, हसऱ्या तोंडाची पण हाडाची कडक मुलगी होती. आई तोपर्यंत हॉस्पिटलमधून पुनर्वसन केंद्रात आली होती. लांब कॉरिडॉर, भिंतीला धरायला दांडे, आणि टोकाला सरावासाठी चार लाकडी पायऱ्या, ज्या कुठेच जात नव्हत्या. आई वॉकर घेऊन त्या पायऱ्यांपर्यंत जायची, त्यांच्याकडे तुच्छतेने बघायची आणि परत फिरायची.

पुढे पुढे बारक्याला सवय झाली. सवय कशाची होईल सांगता येत नाही. रोज दुपारी एखादं भिंग मशीनला लावायचं आणि बाबांचा शेरा लिहायचा. तो गाफील नव्हता. लिफ्टची माहिती काढून लिहायचा, खोटं कळू नये म्हणून नव्हे, तर बाबांच्या नावावर काहीबाही नको म्हणून. एकदा जाळीच्या दाराच्या लिफ्टचा फोटो इंटरनेटवरून उचलून लावला. आईने खाली लिहिलं, "हात सांभाळा." ते वाचून त्याने फोन खिशात ठेवला आणि एका बाईंचा बायफोकल चष्मा तयार करून दिला.

ट्रिपचे शेवटचे दिवस जवळ आले तशी आईच कासावीस झाली. "हे आले आणि मी अशी वॉकर ढकलतेय, म्हणजे झालंच. अजून थोडे दिवस बाहेर राहिले असते तर बरं झालं असतं बाई."

आता याला काय म्हणावं? ज्याला काही सुचत नव्हतं त्याच्या हातात आईनेच काम दिलं. बारक्याने बाबांची ट्रिप वाढवली. खरं बुकिंग लागतच नव्हतं. गावाचं नाव टाइप करायचं, तारीख टाकायची, झालं. वेळ टळली की तिथेही हिरवी खूण. ॲपला खरं गाव आणि टाइप केलेलं गाव सारखंच. बारक्या नकाशावर बोट फिरवून गावं निवडायचा. फार लांबची घ्यायचा नाही, बाबांना दगदग नको म्हणून. एकदा असं मनात आलं आणि त्याचा हात थांबला. मग त्याने जवळचंच गाव टाकलं.

ताई फोनवर म्हणाली, "तू हे काय चालवलंयस?"

"तूच म्हणालीस थांबू."

"थांबू म्हणाले मी. फिरव म्हणाले नाही."

"मग तू ये आणि सांग."

ताईची रजा अजून मंजूर व्हायची होती. जवळ राहणाऱ्याच्या गळ्यात सगळं पडतं, आणि लांब राहणाऱ्याला नुसता सल्ला द्यावा लागतो, यावर दोघांनी पूर्वी कडाक्याची भांडणं केली होती. या वेळी भांडायलाही कोणाला हुरूप नव्हता.

मग एका दुपारी बारक्याने तळ्याकाठचं एक गाव घेतलं. दुकानात गर्दी होती, सकाळपासून पाठ मोडून आली होती. मशीनवर भिंग फिरत होतं. त्याने लिहिलं, "लिफ्ट बरी. खिडकीतून तळं दिसतं." चौकोनात अजून जागा होती. बोटं कीबोर्डवरच होती. त्याने लिहिलं, "तू असायला हवी होतीस." मशीन थांबलं, तसं त्याने पाठवून दिलं आणि भिंग काढून उजेडात धरून पाहिलं. कड छान आली होती.

त्या शेऱ्याखाली आईचं उत्तर आलं नाही. बारक्याच्या ते लक्षातही आलं नाही. नवीन गाव शोधायचा कंटाळा आला म्हणून त्याने बाबांचा तिथला मुक्काम लांबवला.

लक्षात आलं ते फिजिओच्या बोलण्यातून. ती त्याला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाली, "तुमच्या आईंना झालंय तरी काय? दहा पावलं टाकायची तर माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. आता सकाळ-संध्याकाळ पायऱ्या मागतात. काल वॉकर सोडून काठीवर आल्या."

"बरं झालं," बारक्या म्हणाला. त्याला खरोखर बरं वाटायला हवं होतं. आईकडे पाहिलं तर ती घामाघूम होऊन चौथ्या पायरीवर उभी होती आणि वरच्या भिंतीला हात लावून परत वळत होती. केंद्रात केस कापायला बाई यायची, तिच्याकडून तिने केसही नीट करून घेतले होते.

चार दिवसांनी दुकानात फोन किणकिणला. बारक्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. फोन त्याचा होता, बाबांचा नव्हे. त्यावर लिहिलं होतं, "छान बातमी! तुमच्या कुटुंबातले दोन प्रवासी एकाच ठिकाणी भेटणार आहेत." खाली दोन गोल चित्रं, एक बाबांचं, एक आईचं, आणि मधे तळ्याकाठच्या गावाचं नाव.

बारक्याने ते दोनदा वाचलं. आईने तिकीट काढलं होतं. जिला गेटपासून कोपऱ्यापर्यंत कारने नेलं तरी खिडकी उघडावी लागायची, त्या बाईने येत्या शनिवारचं बसचं तिकीट काढलं होतं. त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

त्याने ताईला फोन लावला.

"आता सांगावंच लागणार," ताई म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "बारक्या, मी तिकडे नाहीये रे. तूच सांग."

"बरं," बारक्या म्हणाला. त्याने ॲप्रन काढून खुंटीला लावला आणि दुकानातून निघाला.

आई पलंगावर पाय खाली सोडून बसली होती. शेजारी कपड्यांची एक लहान घडी, वर स्वेटर. त्याला पाहून तिने आधी दाराकडे बघितलं, फिजिओ नाही याची खात्री केली आणि चोरी पकडल्यासारखं हसली.

"आलं वाटतं तुझ्या फोनवर. मी म्हटलं गुपचूप जावं. व्यायामवालीने शिकवलं मला तिकीट काढायला. पण डॉक्टर सोडणार नाहीत म्हणे एकटीला. तू येशील ना पोचवायला? नुसतं पोचवायचं, मग तू परत."

"आई."

"गाडीच्या गोळ्या आणून ठेव. दोन पाकिटं आण." तिने टॅब्लेट उचलला. "पन्नास वर्षं झाली रे. एकदा म्हणाले नाहीत चल म्हणून. मी आपली समजत होते, त्या बुटांचा राग धरलाय. आणि आता बघ काय लिहिलंय." तिने टॅब्लेट त्याच्यापुढे धरला. तिचं तोंड असं काही उजळलं होतं की बारक्याला तिच्याकडे बघवेना.

तो खुर्चीत बसला. पुढचं वाक्य त्याने बसमध्ये पाठ केलं होतं, ते तसंच्या तसं म्हटलं. "बाबा वारले, आई. तुझं ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी. हॉटेलमध्ये, झोपेत. डॉक्टर म्हणाले त्रास झाला नसणार."

आई टॅब्लेटकडे बघत राहिली. "पण खूण आहे की," ती म्हणाली.

"खूण आपोआप येते. वेळ झाली की येते."

"आणि हे सगळं लिहिलेलं?"

"मी."

कॉरिडॉरमधून कोणाचा तरी वॉकर टकटक करत गेला, टोकाला पोचला आणि परत आला. आईने स्वेटरची घडी मोडली, पुन्हा घातली. ती ओरडेल, मारेल, निदान रडेल, असं बारक्याला वाटलं होतं. तिने टॅब्लेट पलंगावर दोघांच्या मधे ठेवला आणि बोटाने यादी वर सरकवली.

"त्यांचं शेवटचं कुठलं?"

बारक्याने दाखवलं. "लिफ्ट मंद आहे, घाई कोणाला," असं तिथे लिहिलं होतं. आईने ते वाचलं. एकदा मान हलवली.

"हे पुढचं?"

"बुकिंग त्यांचं. लिहिलेलं माझं."

"हे?"

"तेही तसंच."

"हे जाळीचं दार?"

"सगळंच माझं."

"मी हात सांभाळा लिहिलं त्याच्यावर," आई म्हणाली. तिचं बोट एकेका गावावर थांबत खाली येत होतं, आणि बारक्या प्रत्येक वेळी "माझं" म्हणत होता. होता होता तळ्याकाठचं गाव आलं. आईने बोट उचललं.

"आणि हे?"

या वेळी बारक्या "माझं" म्हणाला नाही. कारण इतक्या वेळात पहिल्यांदा त्याला मुद्दाम खोटं बोलावंसं वाटलं. ॲप बोललं ते खोटं वेगळं, न सांगितलेलं वेगळं, बाबांच्या नावाने लिहिलेलं वेगळं. हे त्याचं स्वतःचं असणार होतं. "हे बाबांचंच आहे," तो म्हणाला. "त्यांच्या फोनमध्ये लिहून ठेवलेलं होतं. पाठवायचं राहिलं होतं, ते मी टाकलं."

आईने त्याच्याकडे पाहिलं. तिला हवं होतं ते. किती हवं होतं ते तिच्या तोंडावर दिसत होतं, आणि तिने जरा वेळ ते खरं मानूनही पाहिलं असावं. मग तिने मान हलवली.

"नाही रे. यांना खिडकीतून तळं कधी दिसायचं? यांना जिना सोडून लिफ्टकडे बघायचं तेवढं ठाऊक." ती थांबली. "मला तेव्हाच कळायला हवं होतं. मलाच कळून घ्यायचं नव्हतं."

"सॉरी, आई."

"म्हणजे नाहीच म्हणाले ते मला चल म्हणून."

"नाही."

बारक्याने खाली मान घातली. आणि मग आईने जे विचारलं ते त्याने बसमध्ये पाठ केलेल्या कुठल्याच उत्तरात बसत नव्हतं.

"मग हे तुला कशावरून सुचलं?"

"काय?"

"तू असायला हवी होतीस. लिफ्टचं तू बाबांसारखं लिहिलंस, ते कळलं. हे कोणासारखं लिहिलंस?"

"काय माहीत. चौकोनात जागा होती."

"जागा होती म्हणून कोणी असं लिहीत नाही." तिने त्याची हनुवटी धरून वर केली, तो पाच वर्षांचा असल्यासारखी. "त्या गावाला कोण कोण गेलं होतं? यांना आणायला?"

"मी गेलो होतो."

"तू आणि कोण?"

"मीच."

"ताई?"

"ताई व्हिडिओवर होती. मग नेटवर्क गेलं."

"मग तुझ्याजवळ कोण होतं?"

बारक्याने आठवून पाहिलं. सही करायला पेन देणारा माणूस होता. पाण्याची बाटली देणारा टॅक्सीवाला होता. "हॉटेलचा मॅनेजर होता," तो म्हणाला. "चांगला होता. म्हणाला, तुमचं सगळं किती व्यवस्थित आहे."

आणि हे बोलता बोलताच त्याला कळलं की ते वाक्य बाबांचं नव्हतं, आणि बनवलेलंही नव्हतं. त्या गावात, त्या खोलीच्या दारात उभं राहून त्याला आईला हेच सांगायचं होतं, आणि आई ग्लानीत पडून होती. ते त्याच्या आत तसंच राहिलं होतं आणि पहिली मोकळी जागा मिळताच बाहेर आलं होतं. त्याचा खालचा ओठ थरथरायला लागला. त्याने तो दातांनी धरला, तर दातच वाजायला लागले.

"तू बोलावलं होतंस मला," आई म्हणाली. "आणि मी केस कापून बसले यांच्यासाठी."

"आई, मला काही कळत नव्हतं गं," तो म्हणाला, आणि नव्वद किलोचा तो माणूस खुर्चीतून पुढे वाकला, त्याने तिच्या स्वेटरच्या घडीत तोंड घातलं आणि हंबरडा फोडला. इतके दिवस जे बधिर होतं ते सगळं एकदम दुखायला लागलं, आणि दुखतंय याचंच त्याला बरं वाटलं. आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने ती त्याच्या पाठीवर थोपटत राहिली. तिचे स्वतःचे डोळे कोरडे होते.

"तू पण रड ना," तो आतूनच म्हणाला.

"माझं कुठे पळून जातंय," आई म्हणाली. "आधी तुझं होऊ दे."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "ते शनिवारचं तिकीट रद्द करू नकोस. गाव बदल फक्त. हे खरे जिथे होते तिथलं घे. आणि दोन घे. या खेपेला मी आहे बरोबर."

बारक्याने मान हलवली.

दारावर टकटक झाली आणि फिजिओ आत डोकावली. तिच्या हातात काठी होती, तोंडावर नेहमीचं हसू. "काय मग, आज खऱ्या जिन्यावर जायचं ना? ठरलंय आपलं."

आईने बारक्याच्या डोक्यावरचा हात काढला नाही.

"उद्या या," ती म्हणाली. "आत्ता माझा मुलगा रडतोय."